अंडरटेकर, अस्थिकलश आणि नुरा कुस्ती

सुरुवातीलाच एक खुलासा करतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. मी ज्या मुरुडचा, ते समुद्राकाठचं मुरुड नाही. जंजिरा आमच्याकडे नाही, नारळी-पोफळी नाहीत. लातूरहून बार्शीकडे निघालात की रस्त्यात लागतं ते आमचं मुरुड. ज्वारी, तूर, बाजार, आणि त्या काळात डुलत डुलत जाणारी बार्शी लाईटची छोटी रेल्वे. 1993 साली मी तिथे चौथीत होतो आणि त्याच वर्षी आमच्या गल्लीत अंडरटेकर आला.

म्हणजे टीव्हीत आला. पण आला कसा ते ऐका. शेजारच्यांच्या बैठकीत आम्ही वीस-पंचवीस पोरं खाली बसलेलो, मोठी माणसं दारात उभी. पडद्यावर एकदम अंधार झाला. आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, "लाईट गेली!" घरमालक काका फ्यूज बघायला उठलेसुद्धा. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की डोक्यावरचा पंखा फिरतोय. मग टीव्हीतून घंटेचा एक ठोका पडला. आणि काळी टोपी, काळा लांब कोट घातलेला, पांढराफटक चेहरा केलेला तो उंच माणूस अगदी सावकाश चालत यायला लागला. कुणी बोलेना. काका फ्यूज हातात घेऊन तसेच उभे.

आज तुम्ही हे सगळं रीलमध्ये तीस सेकंदांत बघता. आम्हाला त्यासाठी आठवडा थांबावं लागायचं. आठवड्यातून एकदा लागायचं, आणि त्या तासाला लाईट गेली तर गेलं. पुन्हा बघायची सोय नव्हती. पुढचे सात दिवस ज्यांनी पाहिलं त्यांनी ज्यांनी नाही पाहिलं त्यांना सांगायचं, आणि सांगताना थोडं वाढवून सांगायचं.

आता हे मुरुडला पोचलं कसं? 1991 च्या जानेवारीत आखाती युद्ध झालं, ते मोठ्या शहरांतल्या लोकांनी परदेशी वाहिनीवर लाईव्ह बघितलं आणि छपरावर डिश लावायचं वेड सुरू झालं. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला. एशियासॅट-1 नावाच्या उपग्रहावरून मोजक्या वाहिन्या खाली यायच्या, त्यातली एक प्राइम स्पोर्ट्स. तीच पुढे स्टार स्पोर्ट्स झाली. चोवीस तास खेळ दाखवायचे म्हटल्यावर माल लागतो, आणि अमेरिकेतल्या डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीकडे तयार माल ढिगाने होता. तिकडे 11 जानेवारी 1993 ला न्यूयॉर्कमध्ये त्यांनी 'मंडे नाईट रॉ' सुरू केलं, दर सोमवारी. आमच्याकडे एका हुशार माणसाने डिश बसवली, घराघरांवरून, बाभळीच्या झाडांवरून काळी वायर ओढली आणि झालं.

इंग्रजी कॉमेंट्री कुणालाच कळत नव्हती. तीच खरी मजा. आमच्या गल्लीत आठवीतला एक मोठा पोरगा होता, तो भाषांतर करायचा. त्यालाही इंग्रजी येत नव्हतं हे आम्हाला फार उशिरा कळलं. अंडरटेकरबरोबर एक गोलमटोल, पांढऱ्या तोंडाचा माणूस यायचा, पॉल बेअरर, हातात सोनेरी कलश घेऊन. तो कलश बघून आम्हाला काही सांगावंच लागलं नाही. अस्थिकलश! आमच्या घरातले लोक अस्थी घेऊन पंढरपूरला नाहीतर नाशिकला जायचे, आम्ही ते गाठोडं पाहिलेलं होतं. भाषांतरकार म्हणाला, "त्यात त्याचा जीव हाय." राक्षसाचा जीव पोपटात असतो, तसा. आणि गंमत बघा, हे बरोबर निघालं. त्या कंपनीच्या कथेतही त्याची ताकद त्या कलशातच होती. अजून एक गंमत. तो पॉल बेअरर झालेला माणूस, विल्यम मूडी, खऱ्या आयुष्यात अंत्यसंस्काराचाच व्यवसाय शिकलेला होता. म्हणजे त्या सगळ्या नाटकातला सगळ्यात भडक वाटणारा माणूस त्यातल्या त्यात खरा होता.

मग ट्रम्प कार्ड आले. पत्ते. एकेका पैलवानाचा फोटो आणि खाली उंची, वजन, छाती, दंड, लढती. अंडरटेकर 6 फूट 10 इंच. गणितात नापास होणारी पोरं हे आकडे झोपेतून उठवलं तरी सांगायची. योकोझुना हा जपानचा सुमो पैलवान, असं कार्यक्रमात सांगायचे. प्रत्यक्षात तो सामोअन घराण्यातला आणि अमेरिकेत वाढलेला. हे तुम्हाला आज दोन मिनिटांत कळतं. आम्ही त्याला पक्का जपानी समजून त्याच्यावर चिडलो.

आमच्या घरी आबा. आजोबा. तरुणपणी लाल मातीत घालवलेली, दोन्ही कान मोडलेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पैलवानाचे कान घासून घासून फुलकोबीसारखे होतात, त्यावरून माणूस ओळखतात. 1969 साली महाराष्ट्र केसरीचं अधिवेशन लातूरला झालं आणि हरिश्चंद्र बिराजदार महाराष्ट्र केसरी झाले. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. ती कुस्ती बघायला आबा गेले होते, आणि त्या दिवसाबद्दल ते आयुष्यभर बोलले. बिराजदार पुढे रुस्तुम-ए-हिंद झाले, 1977 ला बेळगावात त्यांनी सत्पालला हरवलं. आबांच्या हिशोबात जगातला कुस्तीचा इतिहास तिथे पूर्ण झाला होता.

तर असा माणूस एकदा दारात येऊन उभा राहिला. "काय बघायलाव रे लेकराहो?" आम्ही म्हटलं, कुस्ती. त्यांनी पाच मिनिटं बघितलं. हसले नाहीत, चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "नुरा हाय ही." आणि गेले.

नुरा. हा शब्द तुम्ही आता राजकारणाच्या बातम्यांत ऐकता, अमुक दोन नेत्यांची नुरा कुस्ती चाललीय वगैरे. तो मूळचा फडावरचा. जत्रेत कुस्त्या लागतात. आधी पोरांच्या, रेवड्यांवर, नारळावर. मग दहा-वीस रुपयांच्या. शेवटी मोठ्या इनामाची. आता समजा दोन नावाजलेले पैलवान आहेत, दोघांनाही पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या जत्रेत खेळायचंय, हातपाय मोडून घेणं कुणालाच परवडत नाही. मग आदल्या रात्री आपसात ठरतं. इनाम निम्मं-निम्मं, कुस्ती बरोबरीत. दुसऱ्या दिवशी दोघं खडाखडी करतात, मान धरतात, रेटारेटी करतात, हलगीवाला बिचारा हात दुखेपर्यंत वाजवतो, आणि निकाल काही लागत नाही. पण फडाभोवती बसलेली माणसं कुस्तीच बघत म्हातारी झालेली असतात. त्यांना कळतं. शिट्ट्या सुरू होतात, "हाकला रे त्यांना" असा आरडाओरडा होतो.

म्हणजे बघा, अमेरिकेतून आलेल्या त्या चकचकीत गोष्टीसाठी आमच्याकडे शब्द आधीच तयार होता. तिकडे या ठरवून खेळण्याला धंद्यातले लोक केफेब म्हणायचे, आणि ते गुपित त्यांनी जिवापाड सांभाळलं होतं. वर्षानुवर्षं पैलवान बाहेरच्या जगातही आपलं सोंग सोडत नसत. ते गुपित फुटलं कशामुळे? पैशामुळे. न्यू जर्सी राज्यात खेळांवर देखरेख करणारं सरकारी मंडळ होतं, त्याचे नियम होते, कर होता. 1989 च्या फेब्रुवारीत डब्ल्यूडब्ल्यूएफने तिथल्या सिनेटपुढे सरळ सांगून टाकलं की आमचा हा खेळ नाही, ही करमणूक आहे, आम्हाला त्या नियमांतून सोडा. आम्ही मुरुडात 1993-94 मध्ये "खरं असतंय का खोटं" यावरून एकमेकांची डोकी फोडत होतो, आणि कंपनीने चार वर्षांपूर्वीच लेखी-तोंडी कबूल केलेलं होतं. आबांना पाच मिनिटं लागली.

आमच्या आधीच्या पिढीलाही हे नवं नव्हतं. दारासिंग आणि किंग काँग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्या पन्नाशीच्या दशकात मुंबईत गाजल्या, वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर गर्दी व्हायची. 1968 मध्ये दारासिंगने मुंबईत लू थेझ या अमेरिकन विजेत्याला हरवलं. आमच्या आजीला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या लेखी दारासिंग म्हणजे रामायण मालिकेतला हनुमान, आणि हनुमान कुस्ती खेळत असेल तर ती खरीच असणार.

आता जरा थांबून मागे जातो, कारण त्या वर्षाचं खरं नाव अंडरटेकरचं नाही.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. किल्लारीचा भूकंप. सरकारी मोजदादीप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवद, झोपलेल्या माणसांवर सगळं तसंच्या तसं बसलं. नंतर 52 गावं नव्या जागेवर वसवावी लागली. मुरुड त्या पट्ट्यापासून लांब, आमच्याकडे भिंतींना भेगा पडल्या, भांडी पडली, तेवढ्यावर निभावलं. पण घरात झोपायची कुणाची हिंमत होईना. कितीतरी दिवस सगळी गल्ली अंगणात, ओट्यावर, रस्त्यावर झोपली. टीव्हीसुद्धा बाहेर आला. खिडकीतून वायर ओढून लाकडी स्टुलावर ठेवायचे. थंडीत गोधड्या पांघरून, उघड्या आभाळाखाली आम्ही डब्ल्यूडब्ल्यूएफ बघितलं आहे.

दिवाळीनंतर आमच्या वर्गात एक मुलगा आला. मामाकडे राहायला आलेला. आम्ही त्याला बरेच दिवस नावाने हाक मारलीच नाही, 'किल्लारीचा' म्हणायचो. त्याचं गाव किल्लारी नव्हतंच, तिकडचं दुसरं एक होतं. पण तेव्हा तिकडची सगळीच गावं किल्लारी झाली होती. त्याची आई आणि धाकटी बहीण गेली होती. हे आम्हाला माहीत होतं आणि यावर काय बोलायचं असतं ते नववर्षाच्या पोरांना माहीत नसतं. म्हणून आम्ही त्याला ट्रम्प कार्ड दिले. दोन योकोझुना होते माझ्याकडे, त्यातला एक.

तो आमच्यात बसून सगळं बघायचा. आणि मग ती पेटीची कुस्ती आली.

22 जानेवारी 1994, प्रॉव्हिडन्स शहर, रॉयल रंबल. योकोझुनाविरुद्ध अंडरटेकर. नियम असा की समोरच्याला शवपेटीत घालून झाकण लावायचं. अंडरटेकर आवरेना म्हणून एकामागून एक कितीतरी पैलवान योकोझुनाच्या मदतीला आले. कुणीतरी कलश हिसकावला, उघडला, त्यातून हिरवा धूर निघाला, आणि त्याची ताकद गेली. पेटीत घातला, झाकण लावलं. मग मोठ्या पडद्यावर तो पेटीच्या आतून दिसला, काहीतरी भयंकर बोलला, आणि एक आकृती छताकडे वर वर जायला लागली. आम्हाला हे तुकड्यातुकड्यांनी दिसलं, नंतरच्या आठवड्यांत पुन्हा पुन्हा दाखवायचे तसं. भाषांतरकाराने जाहीर केलं, "त्याला सात जन्म हायत. ह्यो पहिला गेला." हे सात जन्मांचं प्रकरण फक्त मुरुडचं नाही बरं का. पुढे पुण्यात होस्टेलवर सांगलीचा, अकोल्याचा, बेळगावचा पोरगा भेटला, प्रत्येकाच्या गल्लीत अंडरटेकरला सात जन्म होते. कुणी कुणाला सांगितलं होतं देव जाणे.

फक्त तो एकटा म्हणाला, "मेलेला माणूस उठत नसतंय."

अगदी साध्या आवाजात. आम्ही सगळे त्याच्यावर तुटून पडलो. तुला काय माहिती, त्याचा कलश हाय, तो येणार. मीच सगळ्यात जास्त ओरडलो असेन. तो पुन्हा काही बोलला नाही.

त्या उन्हाळ्यातली गोष्ट. कडब्याच्या गंजीवर आम्ही कुस्त्या खेळायचो. मी अंडरटेकर, कारण मी उंच होतो. तो माझा गडी, कारण तो हलका होता, आणि दुसरं कारण म्हणजे तो कधी तक्रार करायचा नाही. मी त्याचा गळा धरला, दुसरा हात पाठीला, आणि चोकस्लॅम. उचलून आपटला. गंजीच्या कडेला आपटला. तिथून तो घसरून खाली जमिनीवर गेला, खांद्यावर.

तो डोळे मिटून पडून राहिला. आम्ही मोजायला लागलो, एक, दोन. आणि तो कमरेतून एकदम ताठ उठून बसला. अंडरटेकर उठायचा तसा, हात न टेकता. काय टाळ्या पडल्या! पोरं नाचली. "उठला, उठला!" मीही नाचलो. मग दिसलं की त्याचा डावा हात एका बाजूला लोंबतोय आणि तोंडातून आवाज येत नाहीये. त्याने हात टेकला नव्हता, कारण त्याला टेकता येत नव्हता. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं.

घरी मार बसला तो बसलाच, तो सोडून देतो. आबांनी मारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टीव्हीसमोर बसवलं आणि स्वतः माझ्याशेजारी बसले, पहिल्यांदाच, पूर्ण तासभर. तसाच एक चोकस्लॅम लागला. आबा म्हणाले, "बघ नीट. टाकला का त्यानं?" मी म्हटलं, हो, आपटला की. "आपटला न्हाई. ठेवला. दुसरा हात बघ कुठंय. पाठीखाली. आन खालचा बघ, हनुवटी छातीला लावलीय, मान वाचवलीय, हात दोन्ही बाजूला मारलेत. दोघंबी एकमेकाला संभाळायलेत." मग जरा वेळाने, "नुरा म्हणालो मी, पण सोपी न्हाई ही नुरा."

हे मी नंतर वाचून पडताळलं. ते रिंग म्हणजे गादी नसते. लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर पातळसा फोम आणि कॅनव्हास. शिकाऊ पैलवानाला आधी फक्त पडायला शिकवतात, पाठीचा सगळा भाग एकदम टेकेल असं, म्हणजे मार एका जागी बसत नाही. आपल्या कुस्तीत पाठ लागली की संपलं, चितपट. तिकडे पाठ टेकणं हाच धंदा. आणि जो उचलतो त्याच्या हातात खालच्याची मान असते, अक्षरशः. आम्हाला पडद्यावर उचलणं दिसलं, आपटणं दिसलं. तो दुसरा हात दिसला नाही.

आबांनी मला मग तालमीत नेलं. हौद्यातली माती, तेल, ताक, लिंबू, हळद घालून मळलेली, तिचा वास अजून नाकात आहे. पहिला महिनाभर त्यांनी मला एकही डाव शिकवला नाही. ढाक नाही, धोबीपछाड नाही, काही नाही. नुसतं पडायचं. खांदा गळ्यात बांधलेला तो मुलगा कडेला बसून बघायचा आणि मी चुकलो की हसायचा.

ऑगस्ट 1994. अंडरटेकर परत येणार अशी हवा झाली होती. खरं तर जूनपासून टेड डिबियासी नावाचा खलनायक एका अंडरटेकरला घेऊन फिरतच होता. आमच्याकडे तो दिसला तेव्हा गल्लीत जल्लोष झाला. "बघ, आला का न्हाई!" सगळे त्या मुलाकडे वळले. तो स्टुलाजवळ जाऊन, अगदी काचेला नाक लावून बघत होता. म्हणाला, "ह्यो तो न्हाई. दुसराच हाय. उंचीला कमी हाय."

आणि तो बरोबर होता! तो ब्रायन ली नावाचा दुसरा पैलवान होता, कथेतसुद्धा तो तोतयाच होता. 29 ऑगस्टला समरस्लॅममध्ये खरा अंडरटेकर आला, करड्याऐवजी जांभळे हातमोजे घालून, आणि दोघांची कुस्ती झाली. आम्हाला ती दिसली त्या दिवशी मी त्याला विचारलं, आता काय म्हणतोस? त्याने थोडा विचार केला. "ह्यो बरोबर हाय. म्हणजे मेलाच नव्हता तो. नुसता लपला होता."

खरी गोष्ट काय होती माहीत आहे? अंडरटेकरचं काम करणाऱ्या मार्क कॅलवेची पाठ दुखावली होती. त्याला काही महिने विश्रांती हवी होती, म्हणून कथेत त्याला मारला. छताकडे गेलेली ती आकृतीही तो नव्हता, त्याचे कपडे घातलेला मार्टी जॅनेटी नावाचा दुसरा पैलवान होता. मरण खोटं आणि पाठदुखी खरी. दहा वर्षांच्या पोराने हे कुठलंही मासिक न वाचता सांगितलं होतं.

तोतयाचं पुढे काय झालं हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1996 मध्ये 'खिलाडियों का खिलाडी' आला, अक्षयकुमार अंडरटेकरशी लढतो तो. सबंध देशाने तो खरा समजून बघितला. तो ब्रायन लीच होता. अक्षयकुमारने स्वतः 2021 मध्ये गमतीने ते सांगून टाकलं. आम्ही तो सिनेमा लातूरला बघितला. बाहेर पडल्यावर माझ्या मित्राने फक्त माझ्याकडे बघून उंचीची खूण केली.

पुढची वर्षं पटकन सांगतो. कार्यक्रम बदलला, शिव्या आल्या, खुर्च्या आल्या, आम्ही मोठे झालो. एक गोष्ट मात्र सोडता येत नाही. 23 मे 1999, कॅन्सस सिटी. ओवेन हार्ट नावाच्या पैलवानाला छतावरून दोरीने खाली उतरायचं होतं. हुक सुटला, तो रिंगमध्ये कोसळला आणि गेला. टीव्हीवर जिम रॉस हा कॉमेंटेटर प्रेक्षकांना कळवळून सांगत होता की हे कार्यक्रमातलं नाही, हे खरं घडलंय. सभागृहात बसलेल्या लोकांना सांगितलंच नाही, आणि कुस्त्या पुढे चालू राहिल्या. मी तेव्हा दहावीच्या वर्षात होतो. सगळं आयुष्य 'खोटं आहे, घाबरू नका' असं सांगणाऱ्या धंद्याला एकदा 'हे खरं आहे' म्हणायची वेळ आली तर कोण विश्वास ठेवणार?

लोक म्हणतात टीव्हीने तालमी रिकाम्या केल्या. मला पटत नाही. आमच्या तालमीत पोरं टीव्ही बघूनच जास्त आली, दंड पाहिजे होते सगळ्यांना. ती टिकली नाहीत याचं कारण खुराक. बदाम, तूप, दूध दोन-दोन लिटर, कोरडवाहू शेतीत कुठून आणायचं? आणि दुसरं कारण लातूर पॅटर्न. बोर्डात लातूरची पोरं झळकायला लागली आणि पहाटे चारला उठायचं ते जोर मारायला की पाठांतराला, हा प्रश्न घराघरात सुटला. मीसुद्धा तालीम सोडून ट्यूशनलाच गेलो. त्यातूनही जे राहिले ते मोठे झाले. लातूर जिल्ह्यातलेच काका पवार अर्जुन पुरस्कारापर्यंत गेले, आता पुण्यात पोरं घडवतात. 2020 च्या महाराष्ट्र केसरीची शेवटची कुस्ती हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात झाली, दोघंही त्यांचेच पठ्ठे. सदगीर जिंकला. आबा असते तर लातूर हरलं म्हणून जेवले नसते.

आणि एकदा तो कार्यक्रम चक्क महाराष्ट्रातच तयार झाला. डिसेंबर 2011, पुणे, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलातला बॅडमिंटन हॉल. अमेरिकेच्या टीएनए कंपनीने तिथे 'रिंग का किंग'चं चित्रीकरण केलं. जानेवारी ते एप्रिल 2012, शनिवार-रविवार, कलर्सवर. जेफ जॅरेट, स्कॉट स्टायनर ही तिकडची मंडळी आणि महाबली वीरा वगैरे आपले. मी तेव्हा पुण्यात नोकरीला. दोन भाग बघितले, मग नाही बघवले. कारण त्याच पुण्यात, गोकुळ वस्ताद तालमीत, हरिश्चंद्र बिराजदारांनी आयुष्याची शेवटची वर्षं पोरांना डाव शिकवण्यात घालवली होती, आणि सप्टेंबर 2011 मध्ये ते गेले होते. तीन महिन्यांचं अंतर. यात त्या कार्यक्रमाची चूक काही नाही, त्या पोरांनीही मेहनतच केली. पण मला डोळ्यांसमोर लातूरला कुस्ती बघायला गेलेले आबा दिसत राहिले.

त्या मित्राचं सांगायचं राहिलं. तो आता ट्रकच्या धंद्यात आहे. खांद्यावर अजून एक उंचवटा आहे, थंडीत ठणकतो म्हणतो. 22 नोव्हेंबर 2020 ला अंडरटेकरने निवृत्ती घेतली. पहिल्यांदा आला त्याला बरोब्बर 30 वर्षं झाली त्या दिवशी. कोरोनाचे दिवस, समोर प्रेक्षक नाहीत, नुसते पडद्यांवर चेहरे. आमच्याकडे सकाळ होती. त्याचा मेसेज आला, "गेला का लपला?"

मी लिहिलं, रिटायर झाला.

एप्रिल 2024 मध्ये, रेसलमेनियाच्या दुसऱ्या दिवशी, शेवटच्या कुस्तीत दिवे गेले, घंटा वाजली, आणि उजेड झाला तेव्हा 59 वर्षांचा अंडरटेकर रॉकच्या समोर उभा होता. गळा धरला आणि चोकस्लॅम. मी ऑफिसला निघालेलो. मित्राने क्लिप पाठवली, खाली व्हॉइस नोट. मागे ट्रकचं इंजिन चालू होतं. "म्हणलो नव्हतो का लपलाय म्हणून? आन दुसरा हात बघ त्याचा, पाठीखाली. रॉकला कुठं लागलं का? असं टाकायचं असतंय, शिक जरा."